आधीच केलेल्या सहीवर नोटरीचा शिक्का: चालतो का?

मृण्मयी_बेएरिया

नमस्कार मंडळी,

पुण्यातला फ्लॅट विकायचा आहे. मी कॅलिफोर्नियात असते आणि सध्या भारतात जाणं शक्य नाही, म्हणून धाकट्या भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करतेय. मसुदा तिकडच्या वकिलांनी पाठवला. मी तो छापला आणि रात्री जेवणं आटोपल्यावर निवांत बसून सगळ्या पानांवर सह्या करून टाकल्या. दुसऱ्या दिवशी बँकेतल्या नोटरीबाईंकडे गेले. त्यांनी लायसन पाहिलं, वहीत नोंद केली, वहीत सही घेतली, अंगठा घेतला. मग कागद माझ्याकडे वळवून विचारलं, "ही सही तुमचीच ना? कागद स्वतःच्या मर्जीने केलाय ना?" मी हो म्हटलं. त्यांनी एक छापील पान भरलं, त्यावर शिक्का मारला आणि स्टेपल करून हातात दिलं.

घरी आल्यावर अहोंनी विचारलं, "त्यांच्यासमोर सही केलीच नाहीस, मग त्यांनी खात्री कशाची दिली?" तेव्हापासून डोक्यात भुंगा. हे कायदेशीर आहे का? का परत जाऊ?

टेक्सासचा_टोणगा

अहोंचं बरोबर आहे. मला तर नोटरीने दरडावून पेन खाली ठेवायला लावलं होतं. समोर सही नाही तर शिक्का नाही. परत जा.

नोटरी_ताई

मी कॅलिफोर्नियात नोटरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मृण्मयी, तुमच्या नोटरीबाईंनी केलं ते इथल्या कायद्याप्रमाणे बरोबर आहे. त्याला अ‍ॅकनॉलेजमेंट म्हणतात. त्यात सही कधी केली, कुठे केली हा मुद्दाच नसतो. स्वयंपाकघरात केली असेल, विमानात केली असेल, मागच्या महिन्यात केली असेल, चालतं. सही करणाऱ्याने मात्र शिक्क्याच्या वेळी जातीने हजर राहायचं, ओळख पटवायची आणि "होय, ही माझीच सही" असं सांगायचं. आम्ही त्या सांगण्याचा दाखला देतो.

दुसरा प्रकार जुराट. त्यात कागदावरचा मजकूर खरा आहे अशी शपथ घ्यायची असते आणि सही नोटरीच्या डोळ्यांदेखत करावी लागते. घरून सही करून आलात तर आम्ही पुन्हा करायला लावतो.

टोणगासाहेब, तुमचा कागद कुठला होता?

टेक्सासचा_टोणगा

लेकीच्या पासपोर्टचा. मी गावाला असणार होतो, म्हणून एकट्या बायकोने अर्ज करायला माझी संमती. डीएस-३०५३ का काहीसा फॉर्म.

नोटरी_ताई

मग तुमची नोटरी अगदी चोख होती. तो फॉर्म शपथेवरचा असतो, सही समोरच हवी. दोन्ही ठिकाणी शिक्का सारखाच दिसतो, त्यामुळे लोकांना वाटतं काम एकच. शिक्क्याच्या वरच्या चार ओळी वाचल्या तर फरक कळतो. जुराटमध्ये 'माझ्यासमोर सही केली व शपथ घेतली' अशा अर्थाचे शब्द असतात. अ‍ॅकनॉलेजमेंटमध्ये 'माझ्यासमोर हजर झाले व दस्त केल्याचं मान्य केलं' असे.

आणि यातलं कुठलं करायचं हे आम्ही ठरवत नाही हां. गिऱ्हाईकाने नाहीतर कागद मागवणाऱ्याने सांगायचं. "तुम्हीच सांगा ना ताई" म्हणून लोक गळ घालतात, पण ते सांगणं म्हणजे कायद्याचा सल्ला देणं, आणि आम्हाला त्याची परवानगी नाही.

चहाबाज

आमच्याकडे कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले नोटरीकाका एकच प्रश्न विचारतात: "सुट्टे आहेत का?"

गणपुले_काका

चहाबाज, हसलो, पण तिकडचा आपला दुय्यम निबंधक आठवा की. खरेदीखतावर सह्या बहुतेक वेळा वकिलाच्या हापिसातच होतात. निबंधकापुढे जाऊन आपण कॅमेऱ्यात बघतो, यंत्रावर अंगठा ठेवतो आणि दस्त करून दिल्याचं कबूल करतो. शेजारी ओळख देणारे दोघे उभे असतात. मृण्मयीताईंनी सांगितलेली बँकेतली पद्धत मला तरी त्याच कुळातली वाटली.

नोटरी_ताई

अगदी बरोबर, काका. ओळख देणारे दोघेसुद्धा इथे आहेत बरं का. एखाद्याकडे चालण्याजोगं ओळखपत्र नसेल तर त्याला ओळखणारे दोन साक्षीदार चालतात. त्यांनी स्वतःची ओळखपत्रं दाखवायची आणि शपथेवर सांगायचं की हा तोच माणूस. त्यांचा त्या कागदात आर्थिक संबंध असता कामा नये.

मृण्मयी_बेएरिया

धन्यवाद ताई, जरा हायसं वाटलं. अजून एक. बाईंनी आतलं एक पानही वाचलं नाही. नुसतं चाळलं. भावाला काय काय अधिकार दिलेत हे त्यांना ठाऊकच नाही. मग शिक्क्याला अर्थ काय? आणि अंगठा कशाला? मागे एका कागदाला घेतला नव्हता.

नोटरी_ताई

मजकूर खरा-खोटा ठरवणं आमचं काम नाही. त्या जोडलेल्या पानाच्या वर चौकट आहे बघा. २०१५ पासून कॅलिफोर्नियात ती सक्तीची आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय की नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पडताळते, कागदाच्या खरेपणाची किंवा वैधतेची हमी देत नाही. लोक ती वाचत नाहीत आणि "नोटराइज्ड आहे" म्हणून कागद नाचवतात.

पानं चाळतो ती कोऱ्या जागा शोधायला. किंमत, नाव, तारीख यांतलं काही रिकामं असेल तर मी कागद परत देते. कोऱ्या रकान्यावर नंतर कोण काय भरेल याचा नेम नाही.

अंगठा आमच्या वहीसाठी. कॅलिफोर्नियात स्थावर मालमत्तेचे दस्त आणि मुखत्यारपत्र या दोहोंना तो बंधनकारक आहे, बाकी बहुतेक कागदांना नाही. खोट्या सह्यांनी घरं विकली जाण्याचे प्रकार होतात ते याच कागदांवर. उजवा अंगठा घ्यायचा, तो नसेल तर डावा, तोही नसेल तर कुठलंही बोट, आणि तशी नोंद करायची. वहीत तुमची सहीही घेतलीये ना? ती तर समोरच केलीत. कागदावरच्या सहीशी ती ताडून बघता येते. लायसनवरची सही एक, कागदावरची दुसरी आणि वहीतली तिसरीच असं झालं की मी थांबते.

जर्सीकर

माझ्या मुखत्यारपत्राच्या वेळी वेगळीच गंमत. पुण्याच्या वकिलांनी मसुद्याच्या शेवटी टाईप करून ठेवलेलं, 'स्थळ: पुणे'. नोटरीने दाखल्यातली जागा भरली न्यू जर्सी आणि आमची काउंटी. वकिलांचा फोन, "अहो, हे पुणे करून आणा." नोटरी म्हणाली, मी इथे बसलेय, पुणे कसं लिहू? खरं तर तिचंच बरोबर. दाखल्यावर नोटरी जिथे बसून काम करते तीच जागा येते, कागद कुठे वापरणार त्याचा संबंध नाही.

तारखेचंही तसंच. दस्ताची तारीख आधीची असली तरी चालते, दाखल्याची तारीख मात्र ज्या दिवशी हजर झालात तीच. "एक आठवडा मागची टाका ना" म्हणणारे आमच्या ओळखीत आहेत. त्यांनी कृपया दिवा घ्यावा (म्हणजे हलकं घ्यावं).

चहाबाज

दिवा घेतला. तारीख कालची टाकतोय.

कोकणी_कालवं

धागा हायजॅक करतेय, माफी. आई इथे आलीय. तिला रत्नागिरीच्या जमिनीसाठी मावशीच्या नावे मुखत्यारपत्र द्यायचंय. दोन अडचणी. तिला इंग्रजी येत नाही, आणि पक्षाघातानंतर उजव्या हाताने सही जमत नाही. मसुदाही मराठीत आहे. मी कॅलिफोर्नियातच आहे. मी दुभाषी म्हणून बसले तर चालेल ना?

नोटरी_ताई

एकेक घेते.

मराठी मसुदा चालतो. मला मराठी येत नसतं तरी चाललं असतं, कारण मी मजकुराची हमी देतच नाही. फक्त माझा दाखला इंग्रजीत असावा लागतो आणि कागद कशाचा आहे हे वहीत लिहिता यायला हवं.

दुभाषी कॅलिफोर्नियात चालत नाही. नोटरी आणि सही करणारा यांचं थेट बोलणं व्हायला हवं. "आई हो म्हणतेय" हे लेकीने सांगितलेलं मला पुरत नाही, आणि ते योग्यच आहे. उद्या तुमच्या जागी जमिनीवर डोळा असलेला भाचा बसला तर? त्यामुळे मराठी बोलणारी नोटरी शोधा. हिंदी येत असेल तर हिंदी बोलणारीही चालेल. इतर राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, तिथल्यांनी आपापलं बघावं.

सहीचं म्हणाल तर डाव्या हाताने रेघ किंवा फुली मारली तरी ती सही धरतात. मात्र दोन साक्षीदार लागतात. त्यांच्यापैकी एकजण त्या खुणेशेजारी आईंचं नाव लिहितो आणि दोघेही साक्षीदार म्हणून सही करतात. मावशींच्या घरातलं कुणी साक्षीदार घेऊ नका, नंतर भांडणाला निमित्त नको. एकदा असंच एका आजोबांचं काम केलं. डाव्या हातात पेन धरून त्यांनी चांगली बोटभर लांब रेघ ओढली आणि मला विचारलं, "आता माझं नाव वाचता येतं का?" साक्षीदार हसू दाबत नाव लिहीत होता.

कोकणी_कालवं

खूप आभार ताई! हे कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

व्हर्जिनियाची_वैदेही

इतका खटाटोप कशाला? ऑनलाइन करा की. आमच्या व्हर्जिनियात २०१२ पासून व्हिडिओवर नोटरी होते, देशात पहिलं राज्य आमचं. लायसन स्कॅन करायचं, जुन्या पत्त्यांवर वगैरे प्रश्न येतात त्यांची उत्तरं द्यायची, नोटरी कॅमेऱ्यावर बोलते, सगळं रेकॉर्ड होतं. नोटरी व्हर्जिनियात असली की झालं, तुम्ही कुठेही असा.

नोटरी_ताई

कॅलिफोर्नियाच्या नोटरींना अजून मुभा नाही. कायदा २०२३ मध्ये झालाय, यंत्रणा उभी करायला १ जानेवारी २०३० पर्यंतची मुदत दिलीय. तुमच्याकडच्या नोटरीने केलेलं इथे चालतं. पण भारतात पाठवायच्या कागदाला ऑनलाइन करायच्या आधी तिकडे विचारून घ्या.

गणपुले_काका

रच्याकने, फी किती घेतात हो हल्ली?

नोटरी_ताई

माझ्या राज्यात अ‍ॅकनॉलेजमेंटला दर सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर. न्यूयॉर्कमध्ये कागदावरच्या कामाला २ डॉलर आहे, तिकडच्या नोटरींचं कसं भागतं देव जाणे. घरी येऊन करणारे प्रवासाचे वेगळे पैसे लावतात.

टेक्सासचा_टोणगा

टेक्सासात २०२३ पासून १०. आधी ६ होते. महागाई.

काळा_कोट

सगळा धागा वाचला. नोटरीताईंनी अमेरिकेच्या बाजूचं लिहिलंय ते वाचून छान वाटलं. पण मृण्मयीताईंचा कागद वापरायचा आहे पुण्यात, आणि मी पुण्यात हीच कामं करतो, म्हणून सांगतो. अहोंना घाईने बाद करू नका.

आपला नोंदणी कायदा १९०८ चा. त्याच्या कलम ३३ मध्ये परदेशी राहणाऱ्याच्या मुखत्यारपत्राची अट आहे. ते नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी, भारतीय वाणिज्यदूत वगैरेंच्या 'समोर निष्पादित' केलेलं (म्हणजे त्यांच्यासमोर सही करून दिलेलं) आणि त्यांनी 'प्रमाणित' केलेलं हवं. यात दोन गोष्टी आहेत. नुसतं प्रमाणित पुरत नाही, समोर निष्पादितही हवं. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ८५ मध्ये मुखत्यारपत्राबद्दल जे गृहीतक होतं (ते रीतसर केलेलं आहे असं कोर्टाने धरून चालायचं), तेही अशाच, म्हणजे समोर केलेल्या आणि प्रमाणित केलेल्या कागदापुरतं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आलाय, त्यातही ती तरतूद कायम आहे.

म्हणजे कॅलिफोर्नियात तुमचा कागद शंभर टक्के शुद्ध, आणि पुण्यात एखाद्या चिकित्सक निबंधकाने किंवा खरेदीदाराच्या वकिलाने दाखला नीट वाचला तर "समोर सही केल्याचं यात कुठे म्हटलंय?" हा प्रश्न उभा.

जर्सीकर

पण साहेब, अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकार लावतं तो दाखला) लावलं की विषय संपतो ना? भारत २००५ पासून त्या हेग करारात आहे.

काळा_कोट

अपॉस्टिल फक्त एवढंच सांगतं की शिक्का मारणारी व्यक्ती खरोखर नोटरी आहे आणि सही-शिक्का तिचाच आहे. दाखल्यात जे लिहिलेलंच नाही ते अपॉस्टिलने कुठून येणार? अपॉस्टिल हवंच, पण ते पुढचं पाऊल.

गणपुले_काका

वकीलसाहेब, एक शंका. मुखत्यार स्वतःच खरेदीखतावर सही करत असेल तर दस्त करून देणारा तोच झाला. मग त्याला कलम ३३ लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे ना?

काळा_कोट

काका, आहे, २००९ चा. आणि तुमचा मुद्दा कोर्टात मांडायला उत्तम आहे. पण मृण्मयीताईंना फ्लॅट विकायचाय, खटला जिंकायचा नाहीये. टोकन घेऊन नोंदणीला बसलेला खरेदीदार, त्याच्या कर्जाची बँक आणि बँकेचा वकील यांना निकालपत्र वाचून दाखवत बसण्यापेक्षा समोर सही केलेला कागद स्वस्त पडतो.

टेक्सासचा_टोणगा

म्हणजे मी पहिल्याच प्रतिसादात "परत जा" म्हटलं होतं, त्याची नोंद घ्यावी.

चहाबाज

नोंद घेतली. अंगठा लावा.

मृण्मयी_बेएरिया

अहो हा धागा मोठ्याने वाचून दाखवतायत, तेही चहा पिताना. कल्पना करा.

बरं, वकीलसाहेब आणि ताई, आता नक्की काय करू? त्याच कागदावर परत सही करू का नवीन छापू? आणि दाखल्यात 'समोर सही केली' हे शब्द यावेत म्हणून नोटरीबाईंना वाक्य वाढवायला सांगू का?

नोटरी_ताई

वाक्य वाढवायला सांगू नका, त्या नाही म्हणतील आणि तेच बरोबर. कॅलिफोर्नियात अ‍ॅकनॉलेजमेंटचा मजकूर कायद्याने ठरवून दिलेला आहे. आम्ही त्यात फक्त लागू नसलेले शब्द खोडतो. छापील इंग्रजी 'ही' (he) आणि 'दे' (they) वर रेघ मारून 'शी' (she) ठेवायचं, एवढंच आमचं लेखनस्वातंत्र्य.

पण तुम्ही स्वतःहून जुराट मागू शकता. त्याचाही मजकूर ठरलेला आहे, मात्र त्यात 'माझ्यासमोर' सही आणि शपथ दोन्ही येतात. एकाच कागदाला दोन्ही दाखले घेता येतात, फी दोनदा पडेल. वहीत नोंदीही दोन होतील.

कागद मी तरी नवीनच छापला असता. एकाच जागी दोन सह्या दिसल्या की तिकडे प्रश्न येतात, आणि आधीचा दाखला जोडलेला असताना तर जास्तच. आणि हो, दाखला वेगळ्या पानावर असेल तर त्या पानावर कागदाचं नाव, तारीख, पानांची संख्या लिहून घ्या. सुटं पान उद्या कुणी दुसऱ्याच कागदाला स्टेपल करू शकतं. शिक्का मजकुरावर चढलेला किंवा फिसकटलेला असेल तर तिथल्या तिथे दुसरा मारून घ्या, फोटोकॉपीत वाचता यायला हवा.

काळा_कोट

ताईंना अनुमोदन. माझ्याकडून एवढंच. मसुद्याच्या शेवटी 'नोटरीसमोर आज सही केली' असं वाक्य तुमच्या वकिलांकडून घालून घ्या. ते तुमचं विधान आहे, त्यावर जुराटची शपथ बसते. सगळ्या पानांवर सही, शेवटच्या पानावर फोटो, दोन साक्षीदार. मग सॅक्रामेंटोहून अपॉस्टिल. दुसरा मार्ग सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय वाणिज्यदूतावासातून साक्षांकन. कलम ३३ मध्ये वाणिज्यदूताचं नाव थेट आहे, त्यामुळे कुणी नाक मुरडत नाही. सोय बघून ठरवा.

कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यायचा, हे भावाला आजच सांगा. लोक अपॉस्टिलवर लाल रिबीन बघून खूश होतात आणि हे विसरतात, मग दंड. कुरियरचं पाकीट फेकू नका, कागद कधी पोचला त्याचा पुरावा तेच.

व्हर्जिनियाची_वैदेही

आणि माझा ऑनलाइनचा पर्याय?

काळा_कोट

वैदेहीताई, तुमच्या राज्यातली घरं विकायला उत्तम. पण कॅमेऱ्यावरची हजेरी म्हणजे 'समोर' का, हा वाद पुण्याच्या निबंधक कार्यालयात सुरू करणारे पहिले तुम्ही होऊ नका.

मृण्मयी_बेएरिया

दोघांचे मनापासून आभार. वकिलांना वाक्य घालायला सांगितलंय. वाणिज्यदूतावासाची वेळ लवकर मिळाली तर तिकडे, नाहीतर बँकेत जाऊन दोन्ही दाखले घेते. भावाला तीन महिन्यांचं कळवलं. त्याचं उत्तर: "पाकीट कालच रद्दीत टाकलं." कुठलं पाकीट विचारलं तर पिझ्झ्याचं निघालं, वाचले.

कोकणी_कालवं

वकीलसाहेब, मग आईच्या रेघेचंही नोटरीच्या डोळ्यांदेखतच ना?

काळा_कोट

हो, तिथे तर नक्कीच. साक्षीदारही त्याच वेळी, त्याच खोलीत. आणि मसुदा आईंना मराठीत वाचून दाखवला, त्यांना समजला, असं वाक्य शेवटी असू द्या.

नवा_पाहुणा

नमस्कार, मी नवीन. मला डिग्रीच्या झेरॉक्सवर 'खरी प्रत' म्हणून नोटरीचा शिक्का हवाय. कॅलिफोर्निया.

नोटरी_ताई

इथली नोटरी डिग्रीची प्रत प्रमाणित करू शकत नाही. आम्हाला मुखत्यारपत्राची आणि स्वतःच्या वहीतल्या नोंदीची प्रत तेवढी प्रमाणित करता येते. 'ही माझ्या डिग्रीची खरी प्रत आहे' असं तुम्हीच लिहा आणि त्यावर जुराट घ्या. मागणाऱ्या संस्थेला ते चालतं का हे आधी विचारा. बाकीचं नवीन धाग्यावर, इथे मृण्मयीचा फ्लॅट विकला जाऊ दे आधी.